प्रोटोटाइप : कित्ता की कच्चा खर्डा?

मागच्या महिन्यातली गोष्ट. एका क्लायंटला आम्ही नव्या सिस्टिमचा प्रोटोटाइप दाखवत होतो. चार दिवसांत उभा केलेला. लॉगिनच्या पानावर कुठलाही पासवर्ड टाका, तो आत घ्यायचा. रिपोर्टमधले आकडे मी स्वतः हाताने टाइप केलेले. 'सेव्ह'चं बटण दाबलं की हिरवी खूण यायची, पण सेव्ह काहीच व्हायचं नाही. डेमो मात्र झकास झाला. आणि मग समोरचे साहेब म्हणाले, "छान! प्रोटोटाइप तयार आहे म्हणजे झालंच की काम. पुढच्या सोमवारी लाइव्ह जाऊ या का?"

मी मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर छताकडे बघत होता.

पुढचा अर्धा तास कसा गेला ते सांगत नाही. "मग तुम्ही आम्हाला आत्तापर्यंत खोटं दाखवत होतात का?" असं साहेबांनी विचारलं, ते मला फार लागलं. कारण पहिल्याच स्लाइडवर मी मोठ्ठ्या अक्षरांत 'प्रोटोटाइप' असं लिहिलं होतं. पण घरी येताना ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना लक्षात आलं, की चूक साहेबांचीही नव्हती. त्यांची उभी नोकरी कारखान्यात गेलेली. त्यांच्या लेखी प्रोटोटाइप म्हणजे सगळे पार्ट बसवलेलं, खरोखर चालणारं पहिलं मशीन. माझ्या लेखी प्रोटोटाइप म्हणजे चार दिवसांचा देखावा. शब्द एकच, आणि आम्ही दोघंही तो बरोबरच वापरत होतो!

मग काय, शनिवार-रविवार या शब्दाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

पहिला ठसा

शब्द मूळचा ग्रीक. 'प्रोटोस' म्हणजे पहिला आणि 'टायपोस' म्हणजे ठोकल्यावर उमटणारी खूण, छाप. छापखान्यातला 'टाइप' तोच. मराठीत याला इतका चपखल शब्द आहे की भाषांतर करायला डोकं लागत नाही: ठसा. तर प्रोटोटाइप म्हणजे पहिला ठसा. ज्याच्यावरून बाकीचे उमटवायचे तो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पेणला जा. गणपतीच्या कारखान्यात मूर्तिकार आधी एक मूर्ती हाताने घडवतो. सोंडेचं वळण, डोळ्यांची ठेवण, बोटं, सगळं मनासारखं होईपर्यंत त्या एकाच मूर्तीवर काम चालतं. मग तिच्यावरून साचा काढतात आणि साच्यातून पुढच्या मूर्ती. इथे पहिली मूर्ती ही 'कशीतरी जमवलेली' नसते. उलट तिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत असते, कारण तिच्यात राहिलेला दोष पुढच्या प्रत्येक मूर्तीत उतरणार.

म्हणजे मुळात प्रोटोटाइप हा कच्चा नाहीच. तो सगळ्यात पक्का!

जुन्या काळी तर हा शब्द थेट देवापर्यंत पोचला होता. आठव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात मोठा वाद पेटला होता: ख्रिस्ताची आणि संतांची चित्रं पुजावीत की ती फोडून टाकावीत? चित्र म्हणजे शेवटी लाकूड आणि रंग, त्याला कसला नमस्कार, असं एका बाजूचं म्हणणं. शेवटी ७८७ साली नायसियाला (आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक) धर्मपरिषद भरली आणि निर्णय झाला की चित्राला दिलेला मान चित्रापाशी थांबत नाही, तो मूळ व्यक्तीपर्यंत पोचतो. या 'मूळ व्यक्ती'साठी परिषदेने जो ग्रीक शब्द वापरला तो होता प्रोटोटाइप.

आपल्याकडे मूर्तीला हात जोडणाऱ्या कुणालाही हा युक्तिवाद समजावून सांगावा लागणार नाही. पण गंमत बघा. तेव्हा चित्र ही नक्कल आणि साक्षात परमेश्वर हा प्रोटोटाइप. आणि आता? सेव्ह न करणारं सेव्हचं बटण!

तीन किल्ल्यांचा किलो

हा जुना अर्थ देवळा-चर्चपुरता राहिला असं समजू नका. अगदी परवापरवापर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, तुमच्या-माझ्या घरातली साखर त्याच अर्थाने मोजली जात होती.

२० मे १८७५ ला पॅरिसमध्ये १७ देशांनी मीटर करारावर सह्या केल्या. मोजमापं सगळ्या जगाची एक असावीत म्हणून. त्यातून प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा (९० टक्के आणि १० टक्के) एक छोटासा दंडगोल तयार झाला. उंची आणि व्यास दोन्ही साधारण ३९ मिलिमीटर, म्हणजे मुठीत सहज मावेल एवढा. १८८९ साली त्याला अधिकृत मान्यता मिळाली. नाव काय? 'किलोग्रॅमचा आंतरराष्ट्रीय प्रोटोटाइप'. पॅरिसजवळ सेव्र इथे एकात एक ठेवलेल्या काचेच्या हंड्यांखाली तो राहायचा. तिजोरीला तीन किल्ल्या, आणि त्या तीन वेगवेगळ्या लोकांच्या ताब्यात.

त्याच्या अधिकृत प्रती निरनिराळ्या देशांना वाटल्या गेल्या. भारताच्या वाट्याला आली ५७ नंबरची प्रत. ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत असते. शेर-मण जाऊन आपल्याकडे किलो आला तो १९५६ च्या कायद्यानंतर, पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने. म्हणजे वाण्याच्या दुकानातल्या त्या लोखंडी वजनाची वंशावळ काढत गेलं तर शेवटी सेव्रच्या काचेच्या हंडीपाशी जाऊन थांबायची.

आता खरी मजा. शंभर वर्षांत मोजक्या वेळा हा दंडगोल बाहेर काढून प्रतींशी ताडून पाहिला गेला. १९८८ ते १९९२ च्या पडताळणीत दिसलं की मूळ दंडगोल आणि त्याच्या बऱ्याच प्रती यांच्यात शतकभरात साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलाय. बोटाच्या ठशाएवढं वजन म्हणतात ते हेच. पण कोण बदललं? प्रती जड झाल्या की मूळचा हलका झाला? सांगता येत नाही. कारण व्याख्येनुसार मूळ दंडगोल चुकूच शकत नाही! त्याचं वजन घटलं, तर किलो हीच गोष्ट घटणार आणि बाकी सगळं जग जड होणार.

प्रोटोटाइप या शब्दाचा जुना अर्थ इतका टोकाचा आहे. तो चूक की बरोबर हे विचारायचंच नाही, कारण बरोबर म्हणजे काय हे तोच ठरवतो. शेवटी १६ नोव्हेंबर २०१८ ला व्हर्सायला मतदान झालं आणि २० मे २०१९ पासून किलो प्लांकच्या स्थिरांकाला बांधला गेला. एका वस्तूची सत्ता संपली. मीटरची पट्टी तर १९६० मध्येच निवृत्त झाली होती.

अर्थ उलटला कुठे?

कारखान्यात. यंत्रं गुंतागुंतीची झाली तशी कागदावरच्या ड्रॉइंगवर विसंबून हजार नग काढायची कुणाची हिंमत होईना. आधी एक करून बघू, चालतंय का, तुटतंय कुठे ते पाहू आणि मग बाकीचे. म्हणजे पहिला नग अजूनही 'पहिला ठसा'च होता, फक्त आता त्याला चुकायची परवानगी मिळाली. नव्हे, चुकायचं हेच त्याचं काम झालं. 'पहिला' या शब्दाच्या पोटातच हे दोन अर्थ आहेत म्हणा ना. वर्गात पहिला आलेला पहिलाच, आणि पोळ्या लाटायला शिकताना झालेली पहिली पोळीही पहिलीच!

हे दोन अर्थ नीट वेगळे ठेवायचे तर शिस्त लागते. ती विमानवाल्यांकडे असते. आपल्या तेजसचं बघा. ४ जानेवारी २००१ ला बंगळुरूला त्याचं पहिलं उड्डाण झालं. उडालं त्याचं नाव टीडी-१, म्हणजे 'टेक्नॉलॉजी डेमॉन्स्ट्रेटर'. प्रोटोटाइप नाही! हे तंत्र आपल्याला जमतं का, एवढंच ते दाखवणार होतं. प्रोटोटाइप नाव मिळालं ते २००३ मध्ये उडालेल्या पीव्ही-१ ला, 'प्रोटोटाइप व्हेइकल'. मग मर्यादित उत्पादनाची विमानं आणि त्यानंतर खरं उत्पादन. हवाई दलात तेजसची पहिली तुकडी उभी राहिली १ जुलै २०१६ ला. डेमोपासून लाइव्हपर्यंत पंधरा वर्षं! उशीर झाला म्हणून या प्रकल्पावर भरपूर टीका झाली, ती बाजूला ठेवू. पण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे विमानाच्या नावावरूनच कळत होतं. आमच्या धंद्यात चारही पायऱ्यांना एकच शब्द.

आमचा धंदा

कॉम्प्युटरच्या इतिहासात हा घोळ अगदी पहिल्यापासून आहे. ॲलन ट्युरिंगने दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसाठी एसीई नावाच्या मोठ्या संगणकाचा आराखडा केला. तो बांधायला वेळ लागणार म्हणून आधी छोटा 'पायलट एसीई' करायचं ठरलं. निव्वळ प्रयोगापुरता. १० मे १९५० ला त्यावर पहिला प्रोग्रॅम चालला. आणि मग झालं काय, की आकडेमोड करून हवी असलेल्या लोकांची रांग लागली. देशात असली यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे प्रयोगासाठी केलेलं मशीन सरळ कामाला जुंपलं गेलं आणि १९५५ पर्यंत राबलं. मूळचा मोठा एसीई पूर्ण व्हायला १९५० चं दशक संपत आलं, तोपर्यंत तो जुनाट झाला होता. पायलट एसीई आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. 'तात्पुरतं' म्हणून केलेलं प्रॉडक्शनमध्ये जातं, याचा याहून जुना दाखला मला तरी माहीत नाही.

त्याच दशकात मुंबईत काय चाललं होतं? टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने आधी १९५६ मध्ये एक 'पायलट मशीन' चालवून दाखवलं. त्यावर शिकले, आणि मग पूर्ण आकाराचं यंत्र नव्याने बांधलं. ते १९६० मध्ये चालू झालं. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याचं नामकरण केलं टिफ्रॅक. सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूबा होत्या त्यात! इथे पायलट मशीनने पायलटचंच काम केलं, आणि खऱ्या यंत्राला जागा करून दिली.

पुढे सॉफ्टवेअर मोठं होत गेलं तसे शहाणे लोक हेच सांगायला लागले. विन्स्टन रॉइस या गृहस्थांच्या १९७० च्या निबंधाला लोक 'वॉटरफॉल'चं मूळ म्हणून शिव्या देतात, पण त्याच निबंधात त्यांनी सांगितलंय की काम नवं असेल तर ते दोनदा करा. आयबीएमच्या ओएस/३६० चे फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ च्या 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये तर एक प्रकरणच त्यावर लिहिलं: पहिली सिस्टिम तुम्ही फेकून देणारच आहात, तेव्हा फेकायची तयारी आधीपासून ठेवा. वीस वर्षांनी, १९९५ च्या आवृत्तीत, त्यांनी आपलं मत मोकळेपणाने बदललं: एकदम एक अख्खी करून फेकण्यापेक्षा छोटीशी चालती सिस्टिम करा आणि ती वाढवत न्या. स्वतःच्या गाजलेल्या सल्ल्याला चूक म्हणणारा लेखक विरळाच.

नेमक्या त्याच वर्षी, मे १९९५ मध्ये, नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइकने दहा दिवसांत एका भाषेचा प्रोटोटाइप केला. ती म्हणजे जावास्क्रिप्ट. वर्ष संपायच्या आत ती जगभर पोचली. आता या भाषेत 'प्रोटोटाइप' हा शब्द खुद्द आहे, आणि तो जुन्या, पेणच्या अर्थाने आहे! एक ऑब्जेक्ट समोर ठेवायचा आणि दुसऱ्याने त्याचे गुण उचलायचे. ही कल्पना आइकने घेतली 'सेल्फ' या भाषेवरून. सेल्फचं काम झेरॉक्स पार्कमध्ये १९८६ च्या सुमारास सुरू झालं होतं. म्हणजे भाषेच्या आतला प्रोटोटाइप हा कित्ता, आणि ती भाषा स्वतः मात्र कच्चा खर्डा.

त्या दहा दिवसांच्या खुणा अजून आहेत. जावास्क्रिप्टला विचारा, 'नल'चा टाइप काय? ती म्हणते 'ऑब्जेक्ट'. चूक आहे, सगळ्यांना माहीत आहे. दुरुस्त करायचा प्रस्तावही आला होता, पण त्या चुकीवर विसंबून असलेल्या वेबसाइट्स मोडतील म्हणून तो बारगळला. खर्ड्यातली चूक कित्त्यात गेली, आणि कित्त्यातली चूक दुरुस्त होत नसते. सेव्रच्या दंडगोलाचंच दुसरं रूप.

माझा एक खर्डा

हे सगळं हसत हसत लिहितोय, पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, वेगळ्या नोकरीत, मी हजेरीच्या सिस्टिमचा एक प्रोटोटाइप केला होता. घाईत मी धरून चाललो की माणूस ज्या तारखेला आत येतो त्याच तारखेला बाहेर पडतो. डेमोपुरतं चालून जातं की. डेमो आवडला, वेळ नव्हता, आणि तोच कोड लाइव्ह गेला. रात्रपाळीचा माणूस दहाला येतो आणि सकाळी सहाला जातो. माझ्या कोडच्या हिशेबाने तो दोन दिवस अर्धवट हजर. कंत्राटी कामगारांचे पैसे कापले जायला लागले. दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, असं त्यानंतरच्या रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं. ते खरं नाही. ज्यांचे पैसे कापले गेले त्यांच्या पहिल्याच महिन्यात लक्षात आलं होतं. पण कॉम्प्युटर म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार, असं त्यांना खिडकीवर सांगितलं गेलं.

हा प्रसंग आठवला की किलोच्या दंडगोलाचं कोडं मला गमतीचं वाटत नाही. खर्डा असलेली गोष्ट कुणीतरी माप म्हणून वापरली, आणि मग चूक मापाची नाही, माणसाची ठरली. पैसे नंतर परत दिले. तोवर दोघं-तिघं काम सोडून गेले होते.

आपले शब्द

आपल्याकडे प्रोटोटाइपला पुस्तकी प्रतिशब्द आहेत: आद्य नमुना, मूळ नमुना, आदिरूप. यातला 'नमुना' फारसीतून आलेला, आणि तोही तसाच दुतोंडी. 'गाव नमुना सात-बारा' यातला नमुना म्हणजे सरकारने ठरवून दिलेला साचा, त्यात काना-मात्रेचा बदल चालत नाही. वाण्याकडून पुडीत आणलेला तांदळाचा नमुना म्हणजे नुसती वानगी. आणि "काय नमुना आहे!" यातला नमुना कोण ते आपापल्या ऑफिसात शोधावं :-)

पण बोलीतल्या दोन शब्दांनी माझं काम सोपं केलं. लहानपणी अक्षर सुधारायला देतात तो कित्ता. तो गिरवायचा असतो, त्यात चूक असून चालत नाही. आणि अर्ज लिहिण्याआधी करतात तो कच्चा खर्डा. त्यात खाडाखोड हवीच, आणि पक्का अर्ज झाला की तो फाडून टाकायचा असतो. इंग्रजीने या दोघांना एकाच शब्दात कोंबलंय. आपल्या आजोबांनी कधी खर्ड्यावर सही करून तो कचेरीत दिला नसता.

हल्ली तर एआयला चार वाक्यं सांगितली की दुपारभरात प्रोटोटाइप तयार होतो. आणि तो कच्चा दिसतच नाही, ही खरी पंचाईत. पूर्वीच्या खर्ड्यावर निदान शाईचे डाग तरी असायचे.

असो. साहेबांचं काय झालं ते राहिलंच. पुढच्या मीटिंगला मी प्रोटोटाइप हा शब्दच काढून टाकला. सरळ सांगितलं, की हा कच्चा खर्डा आहे, यातलं काय खरं आणि काय रंगवलेलं ते या कागदावर ओळीने लिहिलंय. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो, याला आमच्याकडे मॉक-अप म्हणतात. मग प्रोटोटाइप, मग पायलट लॉट. पायलट लॉट पास झाल्याशिवाय आम्ही एक नट बाहेर पाठवत नाही. आधीच सांगायचंत ना!"

सोमवार टळला. आता साडेचार महिने मिळालेत. पहिलं काम म्हणून त्या सेव्हच्या बटणावरची हिरवी खूण काढून टाकली आहे. खरंच सेव्ह व्हायला लागलं की परत लावीन.